तहान खरी, पाणवठा चुकला

भाविक वाचकहो, या महिन्याच्या प्रवचनाचा विषय पाहून काही मंडळी म्हणतील, बुवांनी हे काय काढले? चिंतन करावयाचे ते हरिनामाचे. ते सोडून कॉलेजातल्या पोरांच्या दारूची उठाठेव कशाला? अशा सज्जनांना हात जोडून एवढेच सांगणे आहे की, ही उठाठेव परक्याची नाही, आपल्या घरची आहे. दिंडीत आपल्यापुढे टाळ वाजवीत चालणाऱ्या किती जणांची मुले, नातवंडे आज पुण्यास, नाशकास, कोल्हापुरास वसतिगृहात राहून शिकत आहेत, ते मोजून पाहा. बापाच्या गळ्यात माळ आहे म्हणून मुलाच्या हातात पेला येणार नाही, असा भरवसा आता धरता येत नाही. शिवाय या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती कबूल केल्यावाचून मला पुढे बोलण्याचा अधिकारच पोचत नाही. म्हणून आधी ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी चैत्र महिन्यात भीमेकाठच्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. ओघात व्यसनाचा विषय निघाला. श्रोते हसू लागले की कीर्तनकाराला चेव येतो, हे आपण जाणताच. मी झोकांड्या खाणाऱ्या दारुड्याची नक्कल केली. शहरात शिकावयास गेलेली पोरे सुटीत घरी आली म्हणजे तोंडात बडीशेप धरून आईशी कशी बोलतात, तेही करून दाखविले. मंडपात हशाच हशा. पुढे बसलेले एक वृद्ध माळकरी तेवढे हसत नव्हते. त्यांचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, मागे खांबाला टेकून बसला होता. तो मध्येच उठून गेला. मी ते पाहिले. आणि खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. मनात म्हटले, बाण बरोबर लागला.

बाण लागला होता खरा. पण कोठे लागला, ते पुढच्या वर्षीच्या आषाढी वारीत कळले.

पुण्यात माउलींच्या पालखीचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तर तुकोबारायांच्या पालखीचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात असतो. त्या मुक्कामात कॉलेजची पुष्कळ मुले वारकऱ्यांचे पाय चेपावयास, औषधपाणी करावयास येतात. मोठ्या प्रेमाने करतात. असाच एक मुलगा माझ्या पायांना तेल लावू लागला. मी गाव विचारले. गाव सांगताच ओळख पटली. तो मान खाली घालून म्हणाला, “महाराज, त्या रात्री तुम्ही माझीच नक्कल केलीत.”

मी चरकलो. म्हटले, “बाळ, तू पितोस?”

“आता नाही. सात महिने झाले. तेव्हा पीत होतो. त्या रात्री मी घरी गेलोच नाही. मोटारसायकल काढली अन् हायवेच्या ढाब्यावर गेलो. कधी प्यालो नव्हतो इतकी त्या रात्री प्यालो.”

“का रे असं?”

“सगळं गाव हसत होतं ना, महाराज. मी का पितो हे कुणी विचारलंच नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

तीस-पस्तीस वर्षे मी वीणेकऱ्यापुढे उभा राहून बोलतो आहे. पण या एका वाक्याने मला गप्प केले. त्या रात्री मी बोललो नाही, ऐकत राहिलो. त्याने सांगितले ते असे.

गावच्या शाळेत तो पहिला येणारा. पुण्यास आला तो एकदम शेवटच्या बाकावर गेला. शिकविणे इंग्रजीत, भोवतालची मुले इंग्रजीत हसणारी. आपले कपडे, आपली बोली, आपल्या कपाळीचा बुक्का, सगळ्याचीच लाज वाटू लागली. महिनाभर कोणाशी धड बोलणे नाही. एका शनिवारी शेजारच्या खोलीतल्या मुलाने दार वाजवून विचारले, “बसायचं का?” वाचकहो, तरुण मंडळींत ‘बसणे’ या शब्दाचा अर्थ काय होतो, ते आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. त्याचा अर्थ दारू पिणे. ‘प्यायची का’ असे कोणी विचारीत नाही. ‘बसायचं का’ असे विचारतात. मुलगा म्हणाला, “महाराज, महिन्याभरात मला पहिल्यांदा कोणीतरी हाक मारली होती.” उठताना त्याने गळ्यातील तुळशीची माळ काढली आणि दारामागच्या खिळ्याला अडकविली. देवाला कशाला तिकडे न्यायचे, एवढाच विचार. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पुन्हा घातली. शनिवारचे मग बुधवार-शनिवार झाले. दोन विषय राहिले. आणि माळ महिनोन्‌महिने खिळ्यालाच राहिली. त्याला देवाचा राग आला होता असे नाही. त्याला देवाची लाज वाटत होती.

आता शास्त्राकडे वळू. आमच्या दिंडीत एक डॉक्टर चालतात. त्यांच्याशी सासवडपर्यंतच्या वाटेत या विषयावर मी पुष्कळ बोललो. परदेशातील विद्यापीठांतून या गोष्टीचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे, असे त्यांनी सांगितले. आपण म्हणाल, परदेशाचे आपणास काय? पण मनाला देश नसतो. आणि तिकडे जे मोजून पाहिले गेले, ते या मुलाच्या बोलण्याशी तंतोतंत जुळले. म्हणून सांगतो.

अमेरिकेत १९८४ साली कायदा होऊन, दारू विकत घेण्याचे वय एकवीस करण्यास सर्व राज्यांना भाग पाडण्यात आले. तरीसुद्धा १९९३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या हेन्री वेक्सलर यांनी १४० महाविद्यालयांतील सतरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांस विचारले, तेव्हा शंभरातील ४४ जण मागील पंधरवड्यात निदान एकदा तरी एका बैठकीत भरमसाट प्यालेले निघाले. भरमसाट म्हणजे मुलाने लागोपाठ पाच पेले, मुलीने चार. हे सगळे सुशिक्षित. पोटाला कमी नाही, पुस्तकांस तोटा नाही. आपल्या महाराष्ट्रातही बिअर-वाइनला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षे वयाची अट आहे. म्हणजे कॉलेजातील बहुतेक मुलांना कडक दारूची परवानगीच नाही. तरी ‘बसणे’ थांबलेले नाही. तात्पर्य, कायदा अवश्य पाहिजे. पण कायदा दुकानाच्या दारात उभा राहतो, मनाच्या दारात उभा राहत नाही.

मग मनात काय असते? लिन कूपर नावाच्या विदुषीने १९९४ साली तरुणांच्या पिण्याची कारणे चार गटांत मांडली. कोणी चारचौघांत मिसळून आनंद करावा म्हणून पितो. कोणी केवळ चढलेल्या नशेच्या मजेसाठी. कोणी दुःख, भीती, काळजी विसरण्यासाठी. आणि कोणी आपण वेगळे पडू नये, चेष्टा होऊ नये, म्हणून. यांपैकी दुःख विसरण्यासाठी पिणाऱ्याचे पाऊल सर्वांत खोल रुतते, असे डॉक्टर म्हणाले. कारण सकाळी दुःख जागच्या जागी असते आणि त्यात आदल्या रात्रीची लाज मिळालेली असते. शिवाय दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती खरी विश्रांतीची झोप नसते. दुसऱ्या दिवशी जीव अधिकच घाबरा होतो. तो घाबरेपणा घालविण्यास पुन्हा दारू. रहाटगाडगे सुरू झाले.

आता एक फार मौजेची आणि तितकीच दुःखाची गोष्ट ऐका. १९८६ साली वेस्ली पर्किन्स आणि अॅलन बर्कोविट्झ या दोघांनी न्यूयॉर्क राज्यातील एका महाविद्यालयाच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात असे दिसले की, पिण्याबाबत मुलांची स्वतःची मते बरीच संयमाची होती. पण बाकीची मुले आपल्यापेक्षा फार मोकळी आहेत, त्यांना बेताल पिणे पसंत आहे, असे त्यांना वाटत होते. वेदान्तात आपण रज्जुसर्पाचा दृष्टान्त देतो. अंधारात दोरी पडलेली असते, माणूस तिला साप समजून पळत सुटतो. साप खोटा, पण धावणे खरे. पडून गुडघा फुटला तर रक्तही खरे. तसेच हे. ‘सगळेच पितात’ हा साप आहे. माझ्या या मुलाने पिणे सोडल्यावर त्याच्याच बैठकीतील तिघे एकेकटे येऊन त्याला म्हणाले, “अरे, मलाही नको असायची रे, पण तुम्ही सगळे काय म्हणाल?” प्रत्येक जण बाकीच्यांना भिऊन पीत होता. अशी ही बैठक!

दुसरी गोष्ट १९७३ सालची. अॅलन मार्लट व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना पेय प्यावयास दिले. कित्येकांना सांगितले की यात व्होडका आहे, कित्येकांना सांगितले की नाही. परंतु सांगणे एक आणि पेल्यात दुसरेच, असेही मुद्दाम केले. चवीवरून ओळखू येऊ नये अशी योजना होती. काय आढळले? पेल्यात खरोखर काय आहे यावर त्यांचे पिणे ठरले नाही. आपण दारू पीत आहोत या समजुतीवर ठरले. ज्यांना दारू आहे असे वाटले, ते अधिक प्याले, मग आत नुसते साधे पेय का असेना! म्हणजे आधी मन पिते, मागाहून तोंड पिते. दारू प्यालो की मला बोलता येईल, धीर येईल, मी मोठा होईन, हे मनाने आधीच ठरविलेले असते.

हे ऐकून मला भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बासष्ट आणि त्रेसष्ट या श्लोकांची आठवण झाली. लहानपणी पाठशाळेत पंतोजींनी हे दोन श्लोक घोकून घेतले, तेव्हा त्यांचा अर्थ इतका कळला नव्हता. भगवंत अर्जुनाला पडझडीची साखळी सांगतात. आरंभ कोठे? विषयाच्या चिंतनात. चिंतनाने आसक्ती, तिच्यातून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश, त्यातून बुद्धीचा नाश, आणि मग माणूसच नष्ट. पाहा, साखळीची पहिली कडी बाटली नव्हे, चिंतन आहे. आणि स्मृतिभ्रंश तर अक्षरशः घडतो. फार प्यालेला मुलगा चालतो, बोलतो, गाडीसुद्धा चालवितो, आणि सकाळी त्यास त्यातले काहीच आठवत नाही. कारण त्या वेळी मेंदू आठवण साठवीतच नव्हता. विवेकाने आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग तर पंचविशीपर्यंत पक्व होत असतो, असे डॉक्टर सांगतात. कच्च्या मडक्यावरच हा घाव बसतो.

इथपर्यंत मनाचा विचार झाला. पण मनाच्या आत आणखी कोणी आहे की नाही? आपल्या विषयाचे मर्म तिथे आहे.

संस्कृतात मद्य, मदिरा, उन्माद, प्रमाद हे सगळे शब्द मद् या एका धातूपासून निघतात, आणि त्या धातूचा एक मूळ अर्थ आहे हर्ष. म्हणजे दारूच्या नावातच आनंद लपलेला आहे. माणूस विष मागत नाही. तो आनंद मागतो. स्वित्झर्लंडचे प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९६१ सालच्या जानेवारीत, म्हणजे मृत्यूच्या काही महिने आधी, बिल विल्सन यांस एक पत्र लिहिले. हे विल्सन स्वतः दारूतून सुटलेले, आणि १९३५ साली डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह त्यांनी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हा मद्यपीडितांचा मेळावा सुरू केलेला. त्या पत्रात युंग यांनी आपल्या एका जुन्या रोग्याविषयी लिहिताना असा भाव मांडला की, त्याची दारूची ओढ ही पूर्णतेच्या, ईश्वराच्या तहानेचेच खालच्या पातळीवरचे रूप होते. लॅटिन भाषेतही दारूला आणि आत्मतत्त्वाला एकच शब्द आहे, हेही त्यांनी दाखविले. सातासमुद्रापलीकडचा वैद्य आणि आमचा धातुपाठ एकाच ठिकाणी येऊन पोचले, याचे मला फार नवल वाटले.

मुलाला मी विचारले, “बाळ, त्या बैठकीत तुला काय मिळत होतं? खरं सांग.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तासभर मी मला विसरायचो, महाराज.”

वाचकहो, हेच तर आपणही मागतो! टाळ-मृदंग घुमू लागला, पावली सुरू झाली, की पाटील-पाटीलकी विसरतो, सावकार खाते विसरतो, लेकुरवाळी आपले दुखणे विसरते. एकमेकांच्या पायी पडताना जात आठवत नाही, शिक्षण आठवत नाही. मुलाची तहान खोटी नाही. पाणवठा चुकला आहे. दोन्हीकडे ‘मी’ विसरतो. मग फरक कोणता? दारूत ‘मी’ जाण्याआधी विवेक जातो, आणि नशा उतरली की ‘मी’ दुप्पट लाज घेऊन परत येतो. भजनात ‘मी’ वितळतो आणि विवेक जागा राहतो. पारख करावयाची असेल तर सकाळी करावी. हरिजागर करून उठलेला माणूस काकड्याला उभा राहतो. आईच्या डोळ्याला डोळा देतो. त्या बैठकीतून उठलेल्या मुलाला आईचा फोनसुद्धा घेववत नाही. दोन्ही रात्री जागूनच काढलेल्या. पण सकाळ सांगते कोणती रात्र कशी गेली.

कोणी म्हणेल, तर मग माळकऱ्याच्या मुलाला भीती नाही! थांबा, इथेच आपण फसतो. उपासना नेमाने करणारे, मंदिरात किंवा प्रार्थनेला जाणारे विद्यार्थी इतरांपेक्षा कमी पितात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे, हे खरे. पण ते रक्षण संगतीचे आहे, नेमाचे आहे, जगण्याला काही अर्थ असण्याचे आहे. वडिलांच्या नावाचे नाही. मुलगा म्हणाला ते ऐका: “गळ्यात माळ होती, पण शहरात माळकरी कोणी नव्हता.” आणि नुसती लाज रक्षण करीत नाही. लाजेने मुलगा पिणे सोडत नाही, घर सोडतो. देवापासून लपला, आईबापापासून लपला, मास्तरांपासून लपला. ज्यांच्यापुढे काही लपवावे लागत नव्हते असे लोक जगात एकच उरले, ते म्हणजे त्याच्याबरोबर पिणारे! माझ्या त्या कीर्तनाने काय केले? उरलेले एक दारही लावून टाकले.

कोणा बापाला वाटत असेल की, माझ्याच घरी असे घडले म्हणजे माझी भक्ती खोटी ठरली. त्याने महाभारताचे मौसलपर्व आठवावे. द्वारकेत कोणी मद्य करू नये अशी दवंडी पिटली होती, करणाऱ्यास सुळाची शिक्षा सांगितली होती. तरी प्रभासक्षेत्री यादव प्याले, सात्यकी आणि कृतवर्मा यांचे भांडण जुंपले, आणि सारे कुळ एकमेकांच्या हातून संपले. ते कुळ कोणाचे? प्रत्यक्ष भगवंताचे. देवाच्या घरी जे घडले ते आपल्या घरी घडले तर लपविण्यासारखे काय आहे? सावध होण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

आणि वडीलधाऱ्यांनी आदिपर्वातील कचाची कथा आठवावी. कच हा विद्यार्थी. संजीवनी विद्या शिकावयास तो दैत्यगुरू शुक्राचार्यांच्या घरी राहिला. दैत्यांनी अखेर त्यास मारले, जाळले, आणि त्याची राख मद्यात कालवून गुरूंनाच पाजली. गुरू प्याले. ज्या शिष्याला सांभाळावयाचे, तोच पेल्यातून पोटात गेला! पुढे विद्येच्या बळाने कच जिवंत झाला, गुरूंचे पोट फोडून बाहेर आला, आणि त्याच विद्येने त्याने गुरूंना उठविले. तेव्हा शुक्राचार्यांनी काय केले? शिष्याला बोल लावला नाही. मद्याने आपलीच बुद्धी कशी गेली हे ओळखून मद्यपानाविरुद्ध मर्यादा घातली. आज लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या धामधुमीत, जत्रेच्या रात्री आपण मोठी माणसे जे पेले उचलतो, त्यांत कोणाची राख कालवलेली आहे, याचा विचार करावा. पोरगे आधी घरात पाहते, मग वसतिगृहात करते.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले? त्याला सोडविले ते मी नव्हे, त्याच्या वडिलांनी. कार्तिक वद्य एकादशीला माउलींच्या समाधीसोहळ्यास आबा आळंदीस आले होते. तिथून परस्पर मुलाच्या खोलीवर गेले. दारामागे खिळ्याला माळ पाहिली. मुलाला वाटले, आता आकाश कोसळणार. आबांनी माळ काढली, उपरण्याने तिच्यावरची धूळ पुसली, आणि पुन्हा त्याच खिळ्याला अडकविली. म्हणाले, “राहू दे इथंच. तुला वाटंल तवा घाल. मी येत जाईन.” आणि दर एकादशीला पहाटेची एस. टी. धरून ते येऊ लागले. राजगिऱ्याचे दोन लाडू आणावयाचे, खोलीत बसावयाचे. पहिले दोन-तीन वेळा तर फारसे बोलणेही झाले नाही. चौथ्या खेपेस मुलगा रडला आणि म्हणाला, “आबा, मला एकट्याला जमत नाही.” तेव्हा ते त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. पाहा, मुलालाही कोणीतरी ‘बसायचं का’ म्हटले होते, आणि बापही येऊन बसलाच. बसण्याला बसण्यानेच उतारा मिळाला.

यावरून आपण काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, विचारा. ‘पितोस का’ असे दरडावून नव्हे. ‘तिकडे करमते का, जेवण कसे आहे, मित्र कोण आहेत, झोप लागते का’ असे. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

दुसरे, घराबाहेर काढू नका, माळ हिसकावू नका. पैसे हाती देण्याविषयी सावध राहा, खोटे झाकू नका, पण दार लावू नका.

तिसरे फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे पंढरीस नेऊन माळ घातली की सुटली दारू, अशी श्रद्धा आहे, आणि तशी सुटलेली माणसे मी पाहिली आहेत. परंतु जो पुष्कळ दिवस रोज भरपूर पितो, त्याची दारू एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरणे, भ्रम होणे, फिट येणे, प्रसंगी जिवावर बेतणे, असे होऊ शकते. म्हणून माळ अवश्य घाला, पण आधी डॉक्टरांस दाखवा. औषध घेणे हा श्रद्धेचा उणेपणा नव्हे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या विनामूल्य सभा अनेक शहरांत भरतात. मन फार खचले तर सरकारची १४४१६ ही दूरध्वनी सेवा आहे, व्यसनासाठी १४४४६ आहे.

चौथे, मुलांसाठी. मित्र पिऊन बेशुद्ध पडला, हलवून जागा होत नाही, श्वास मंद किंवा अडखळत आहे, अंग गार पडले आहे, तर ‘झोपला आहे, उतरेल’ म्हणून खोलीत सोडून जाऊ नका. त्याला कुशीवर वळवा, जवळ बसून राहा, १०८ ला फोन करा. वॉर्डन रागावतील ही भीती बाजूला ठेवा. मित्राच्या जिवापुढे ती काहीच नाही.

पाचवे, दिंडीचालकांस विनंती. आपल्या गावची जी मुले शहरात शिकतात त्यांची यादी करा. शहरातील एखाद्या देवळात, एखाद्या वारकऱ्याच्या घरी, आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांचे भजन आणि पिठलेभाकरी असू द्या. शनिवारची संध्याकाळ असेल तर फारच उत्तम. जो आधी हाक मारतो, मुलगा त्याच्याकडे जातो. आपण हाक मारण्यात मागे पडलो आहोत.

आणि शेवटचे, आम्हा कीर्तनकारांसाठी. दारुड्याची नक्कल सोडून द्यावी. मी सोडली आहे. हशा पिकतो, पण मंडपात मागे खांबाला टेकून कोण बसले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

तो मुलगा त्या वर्षी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडपर्यंत आमच्या दिंडीत चालला. गळ्यात माळ नव्हती. मी विचारले नाही. पुढे दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला. “महाराज, एकदा पाय घसरला. आबांना आधी सांगितलं, मग तुम्हाला सांगतोय.” मी म्हटले, “बाळ, लपविलं नाहीस, यातच सगळं आलं. उद्यापासून पुन्हा दिवस मोजायला लाग.” त्यानंतर त्याने दिवस मोजणे सोडलेले नाही. माळ आबांनी अडकविली तिथेच आहे. ती गळ्यात केव्हा येईल ते पांडुरंग जाणे. आपण वाट पाहावी. विटेवर उभे राहून तो तरी दुसरे काय करीत आहे?

आपल्या सर्वांच्या लेकराबाळांस सत्संगती लाभो, आणि चुकलेल्यांस परतण्याचे बळ व आपणास त्यांची वाट पाहण्याचा धीर मिळो, एवढेच मागणे पंढरीरायाच्या चरणी ठेवून ही अल्पशी सेवा पुरी करतो. न्यूनाधिक बोलले गेले असेल तर संतजनांनी क्षमा करावी.

राम कृष्ण हरि.